उरलेला चुना
कबरीवर पाय पडला की विटाळ, आणि विटाळलेल्याला वल्हांडण सणाच्या कोकराचा घास वर्ज्य. म्हणून सणाला येणाऱ्यांना लांबूनच दिसाव्यात यासाठी अज्रीएल यरुशलेमच्या वाटेवरच्या कबरी चुन्याने पांढऱ्या करून संध्याकाळी घरी आला. कोकरू चुलीपाशी बांधलेलं होतं आणि वाटेकरी शेजारी त्याची चरबी चाचपत होते. "थोडा चुना उरलाय," तो बायकोला म्हणाला. "हिवाळ्यात तुला मेलेली पोर झाली, ती कुठे पुरलीस? तेवढीच राहिलीय." ती खाली मान घालून पीठ मळत राहिली. "जाऊ दे," तो शेजाऱ्यांकडे बघून हसला. "जी रडलीसुद्धा नाही, तिची कसली कबर!" ती उठली. तिने त्याच्या हातातलं मडकं घेतलं, कोकराला बाजूला सारलं आणि चुलीजवळच्या जमिनीवर सगळा चुना ओतला. शेजारी कपडे सावरत उंबऱ्याबाहेर पळाले. अज्रीएलचा पाय हवेतच राहिला. "बाहेर फार थंडी होती," ती म्हणाली.