मोसमाची पहिली पकड

थंडी पडली, कापलेल्या भाताची उडवी रचून झाली, की अकलोलीच्या वरच्या डोंगरपाड्यावर कबड्डी सुरू व्हायची. यंदाही रिकाम्या खाचरात चुन्याच्या रेषा आखल्या होत्या, नारळ फुटला होता. मोसमाचा पहिलाच सामना, समोर काल्हेरचा संघ. शेवटची चढाई राहिली तेव्हा दोन्हीकडचे गुण सारखे होते.

चढाईला आला दर्शन. मूळचा पाड्याचाच पोरगा, गेल्या मोसमापर्यंत पाड्याकडूनच खेळायचा. पावसाळ्यात त्याला काल्हेरच्या देवेशशेठच्या गोदामात काम लागलं. शेठने तेव्हाच सांगितलं होतं, "ड्युटी माझ्याकडे, तर खेळ पण माझ्याकडून." आता शेठ खाचराच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता आणि त्याची क्वालिस खालच्या सडकेवर उभी होती.

पाड्याच्या बाजूने कोपऱ्यात सावळ्या होता, दर्शनचा थोरला भाऊ. बांधावर त्यांची आई बायडी बसली होती. सगळा बांध ओरडत होता, ती एकटीच गप्प होती.

"डावा गुडघा धर," शेजारी उभा असलेला दाजी सावळ्याला हळूच म्हणाला. "तुला ठावं हाय ना."

सावळ्याला ठाऊक कसं नसणार? शिमग्याच्या सामन्यात दर्शनचा तो गुडघा सरकला, तेव्हा पाऊस लागेपर्यंत रोज तेल गरम करून त्यानेच चोळला होता.

दर्शन दम घेऊन आत शिरला. सामनाभर तो भावाच्या कोपऱ्याकडे फिरकला नव्हता. आता मात्र दाजीने त्याची एक बाजू अडवली, दुसरा अंगावर धावला, आणि त्यांना चुकवता चुकवता त्याचा डावा पाय सावळ्याच्या पुढ्यात पडला.

सावळ्याने विचार केलाच नाही. तो खाली झेपावला आणि दोन्ही हातांनी गुडघा आवळला. मग त्याला कळलं आपण काय धरलंय. त्याचे हात ढिले पडले. वरून दर्शनचा दम ऐकू येत होता, एकसारखा, न तुटता. मध्यरेषा हाताच्या अंतरावर होती.

"सावळ्या, वढ!" दाजी ओरडला.

सावळ्याने ओढलं.

हातातल्या हातात काहीतरी सरकलं. दर्शनचा दम तुटला.

शिट्टी वाजली, बांधावर ढोल सुरू झाला. पोरांनी सावळ्याला खांद्यावर घेतलं. तो खाली उतरायची धडपड करत होता, पण त्यांना वाटलं, लाजतोय. बायडी रेषा ओलांडून मैदानात आली. सावळ्याकडे न बघता ती पुढे गेली आणि दर्शनपाशी बसली. त्याचा गुडघा भलतीकडेच वळला होता.

देवेशशेठ खुर्चीवरून उठून जवळ आला. "बरा झालास की ये," तो दर्शनला म्हणाला.

"शेठ," बायडी म्हणाली, "गाडीतून खाली दवाखान्यापातूर तेवढं न्या त्याला."

"गाडीत जागा कुठंय, आक्का? एवढी पोरं आहेत माझी."

काल्हेरची पोरं खाली मान घालून सडकेकडे निघाली. त्यातला एक मागे वळला, दर्शनची चप्पल त्याच्याजवळ ठेवली आणि गेला.

सावळ्या एव्हाना खाली उतरला होता. तो दर्शनपुढे पाठ करून उकिडवा बसला.

"बस."

दर्शनने एकदा खालच्या सडकेकडे पाहिलं. मग त्याने भावाच्या गळ्याभोवती हात टाकले. दुखरा पाय लोंबू नये म्हणून बायडीने तो खालून दोन्ही हातांत तोलून धरला. तिघं तसेच पायवाटेने उतरू लागले. मागे ढोल चालूच होता.

"दादा," बऱ्याच वेळाने दर्शन म्हणाला, "तू मधीच थांबला व्हतास."

सावळ्याने त्याला पाठीवर जरा वर सरकवून घेतलं.

"मला कळलं. तुझा हात सैल पडला." दर्शनच्या आवाजात राग नव्हता. घडलं ते सांगावं तसं तो सांगत होता. "मला वाटलं, सोडलंस तू. म्हणून मी पाय ढिला टाकला. न्हायतर घट धरला व्हता मी. काय झालं नसतं."

सावळ्याची पावलं चुकली. एक दगड त्याच्या पायाखालून घरंगळत खाली गेला.

"हळू," मागून बायडी म्हणाली. "पाय माझ्या हातात हाय."