दुसऱ्या खोलीचे निबंध

“दुसऱ्या खोलीतल्यांना एक अक्षरही सांगायचं नाही,” विभागप्रमुखांनी तिसऱ्यांदा बजावलं आणि बाईंनी तिसऱ्यांदा मान डोलावली.

कॉलेज ज्या भाषेत चालतं ती ज्यांच्या घरात कुणी बोलत नाही, असे साठ विद्यार्थी. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग केले होते. पहिल्या खोलीतल्या तिसांना बाई रोज तासभर निबंध लिहायला शिकवणार. दुसऱ्या खोलीतले तीस तेवढाच वेळ आपापलं वाचत बसणार. सहामाहीअखेर दोन्हींचे निबंध बाहेरचे परीक्षक नावं झाकून तपासणार. पहिली खोली पुढे गेली, तर बाईंचा वर्ग कायमचा, आणि सगळ्यांसाठी. नाहीतर बंद. या वर्गासाठी बाईंनी बारा वर्षं उंबरे झिजवले होते, म्हणून त्यांनी हेही मान्य केलं.

दुसऱ्या खोलीत एक शिंपीण होती. छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, शिलाईचं दुकान जावेच्या हवाली करून शिकायला आलेली. सगळे तिला शिंपीणताई म्हणत. कॉलेजच्या नेहमीच्या तासाला दिलेल्या पहिल्याच निबंधात तिने पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली आणि वर ‘चोरी’ असा शेरा आला. पुन्हा तसं झालं की नाव कमी होणार होतं.

तिने बाईंना जिन्यात गाठलं. “बाई, मी चोरी नाही केली. पुस्तकात माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं, म्हणून घेतलं. मग लिहायचं तरी कसं?”

बाईंना उत्तर पाठ होतं आणि तोंडाला कुलूप होतं. सहा दिवस त्या दुसऱ्या जिन्याने गेल्या. स्वतःचीच लाज वाटायला लागली. सातव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी तिला रिकाम्या वर्गात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“तुम्ही कपड्याला अस्तर लावता ना? अस्तर दुसऱ्याचं चालतं, कापड आपलं हवं. पुस्तकातून आलेल्या प्रत्येक वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने बारीक फुली मारायची. फुली दिसली की तिथे मालकाचं नाव द्यायचं. आणि फुल्या फार झाल्या, तर समजायचं, आपण नुसतं अस्तरच शिवलंय.”

ही युक्ती बाईंना तिच्याकडे बघताबघताच सुचली. पहिल्या खोलीत त्यांनी ती आधी सांगितली नव्हती, नंतरही सांगितली नाही.

मग ते रोजचंच झालं. शिंपीणताई एकेक गोष्ट तीनतीनदा विचारायची आणि वहीत एवढाल्या अक्षरांत लिहून घ्यायची. चष्म्याचा नंबर वाढला की काय, म्हणून बाईंनी तिला चिडवलंसुद्धा. ती नुसती हसली. जाताना फळ्याखालचे खडूचे तुकडे वेचून न्यायची. शिंप्याला खडू लागतोच. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मनाला टोचणी मात्र होती. परीक्षेआधी त्यांनी विभागप्रमुखांना सांगितलं, की शिंपीणताई सारखी आजारी असते, वाचनाला धड बसलेली नाही, तिचा निबंध तुलनेत धरू नका. प्रमुखांनी यादीतलं तिचं नाव खोडलं. बाईंना हायसं वाटलं. एका खोट्याने प्रयोग पुन्हा खरा झाला होता.

निकाल लागला. शिंपीणताई पास झाली. दोन्ही खोल्यांचे गुण जवळपास सारखे होते.

“यंदाची बॅचच हुशार,” विभागप्रमुख म्हणाले. “गेल्या वर्षीपेक्षा दोन्ही खोल्या कितीतरी पुढे आहेत. मनाला लावून घेऊ नका, बाई. शिकवलं काय, न शिकवलं काय, शिकणारे शिकतातच.”

वर्ग बंद करण्याच्या कागदावर त्यांनी सही केली. बाईंनी तो कागद वाचला. बारा वर्षं ज्या कामाची फुशारकी मारली ते आपल्याला कधी येतच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. त्या बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी निबंधांचे दोन्ही गठ्ठे कपाटात टाकायचे होते. पहिल्या खोलीचा गठ्ठा त्यांनी चाळला. पानं नीटनेटकी, समास कोरे. मग दुसऱ्याची दोरी सोडली. आपल्यावाचून ही माणसं शिकली कशी, ते तरी बघावं म्हणून.

शिंपीणताईचा निबंध त्यात नव्हताच. उरलेल्या एकोणतीसही निबंधांच्या समासात, पानोपानी, पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या.