फ्रेमचा खर्च

वीस वर्षांत पाच सरकारं उलथली, पण अर्थसचिव त्याच खुर्चीत राहिले. हात इतका आखडता, की मागच्या भिंतीवर नव्या नेत्याचा फोटो लावायची वेळ आली तरी नवी फ्रेम काही मंजूर करत नसत. ऑफिसचा शिपाई पुठ्ठा काढायचा, जुन्या फोटोवरच नवा सरकवायचा आणि फ्रेम परत खिळ्याला अडकवायचा.

या खेपेला सैन्याने सत्ता घेतली. त्याच फ्रेममध्ये जनरल बसले. पाहणीला आलेल्या कर्नलला फोटो जरा वाकडा वाटला. तो सरळ करायला गेला आणि फ्रेम खाली पडून फुटली. जनरलच्या मागून परवाच देश सोडून पळालेले अध्यक्ष निघाले, आणि त्यांच्या मागून आणखी चौघे.

"हे परत यायची वाट बघताय होय?" कर्नलने विचारलं.

"छे हो साहेब, फ्रेमचे पैसे वाचवतोय."

उभ्या नोकरीत अर्थसचिव इतकं खरं कधी बोलले नव्हते. कर्नलला हसू आलं, पण विश्वास बसला नाही.

चौथ्या दिवशी घरी मृतदेह आला. जमलेली माणसं पांगल्यावर ऑफिसचा शिपाई वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दारात उभा राहिला.

"बाईसाहेब, काच तेवढी मी पदरच्या पैशाने बसवलीय. साहेबांचा फोटो यातच लावू या. नवी फ्रेम त्यांनी मंजूर केली नसती."