डोळे मिट, पंकू

"मिट की गं माझे बाय. एकदाच मिट."

विजयमालाने मांडीवरच्या पंकजाची हनुवटी दोन बोटांवर तोलून धरली होती. समोर दिपाली मोबाईल धरून उकिडवी बसली होती. मिरजगावात हायवेला लागून तिचं सरकारी कामांचं दुकान होतं, तिथेच त्या आल्या होत्या. मोबाईलवर एक गोल होता. त्या गोलात पंकजाचा चेहरा यायला हवा होता, आणि तिने डोळे मिटून उघडायला हवे होते. फोटोतलं माणूस डोळे मिटत नाही, जिवंत माणूस मिटतं. एवढंच त्या मोबाईलला कळत होतं.

पंकजा नऊ वर्षांची होती. तिला चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. जन्मापासून हातापायांचे स्नायू ताठ, मुठी आवळलेल्या. अंगठ्याचा ठसा उमटेना, म्हणून पावसाळ्यापासून तिचं अपंगत्वाचं अनुदान थांबलं होतं. त्यात तिचं औषध, लंगोटांची पाकिटं आणि व्यायामासाठी नगरची फेरी भागायची. आज चेहऱ्यावरून पडताळणी झाली, तर अनुदान पुन्हा सुरू होणार होतं आणि विजयमाला यंदा घरी राहणार होती. नाही झाली, तर उद्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला. उन्हाळा लागेपर्यंत. आणि पंकजा आजीपाशी.

फोटो काढायचा म्हणून आजीने, रंगुबाईने, नातीला काजळ घातलं होतं. गालावर तीटही लावली होती. दिपालीने ती पुसायला सांगितली.

"आन् सरकारची नजर लागली म्हंजे?" रंगुबाई म्हणाली, पण तिने पदराने तीट पुसली.

पंकजाची मान स्थिर राहिली की डोळे टक्क उघडे. डोळे मिटले की मान कलंडून गोलाबाहेर. दिपालीने टाळी वाजवून पाहिली. रंगुबाईने वाकून फुंकर मारली, तर गोलात तिचंच तोंड आलं आणि मोबाईलवर लाल फुली उमटली.

"आजी, आता तुम्हालाच चालू होतंय अनुदान."

"हू दे की. माजं काय वय न्हाई झालं?"

दिपाली हसली. विजयमालाला हसू आलं नाही. ती बाहेर पाहत होती. ऊन उतरायला लागलं होतं.

रंगुबाई लाडात आली. "पंके, आजीपाशी ऱ्हाशील ना गं? रोज शिरा करते तुला. मिट बरं डोळे."

टक्क.

"आई कारखान्यावरनं नवा फराक आनंल. जाऊ दे ना मग तिला? मिट."

टक्क.

"तिला काय कळतंय, आत्या," विजयमाला म्हणाली. हे वाक्य तिला डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं होतं. तिच्या स्वतःच्या तोंडून ते आज पहिल्यांदा निघालं. निघालं आणि तिचं तिलाच टोचलं.

तिने पंकजाच्या कपाळावर गाल टेकवला. "ऱ्हाऊ दे, दिपाली. न्हाई झालं तर न्हाई. लोकाच्या रानात खुरपीन, पर घर सोडायची न्हाई." मग हनुवटी पुन्हा तोलून तिने लेकीकडे पाहिलं. "ऐकलंस का, पंकू? आई न्हाई जात."

पंकजाची मान थरथरली. सावरली. तिने डोळे मिटले, सावकाश आणि घट्ट, आणि उघडले.

मोबाईल वाजला. गोल हिरवा झाला.

"झालं! काकू, झालं!" दिपाली उठून उभी राहिली. रंगुबाईने मोबाईललाच हात जोडले.

विजयमाला मोबाईलकडे पाहत नव्हती. पापणी अशी आपसूक लवत नाही. मानेच्या शिरा ताणून, जोर लावून मिटले होते पोरीने डोळे.

"पंकू," ती हळूच म्हणाली, "तू म्हैस हायेस का?"

डोळे टक्क उघडे.

"तू पंकू हायेस का?"

डोळे घट्ट मिटले, उघडले.

"योगायोग असेल, काकू," दिपाली म्हणाली, पण तीही पुन्हा खाली बसली.

"थांब. पंकू, आपण घरी हाय का आता?" टक्क. "दिपालीताईच्या दुकानात हाय?" मिटले.

रंगुबाईने सुनेला कोपराने सारलं. "मला इचारू दे. पंके, माज्या हातचा शिरा आवडतो का न्हाई तुला?"

टक्क.

"ऐकू गेलं नसंल. शिरा गं, शिरा!"

टक्क. आणि पंकजा अख्ख्या अंगाने हसायला लागली, इतकी की विजयमालाला तिला दोन्ही हातांनी धरावं लागलं.

तेवढ्यात नवऱ्याचा, बिभीषणचा फोन आला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता. "झालं का तुमचं? मुकादम खोळंबलाय. तुजं नाव धरायचं, का मी बजरंगसंगं जोडी करून जाऊ?"

"अनुदान चालू झालं," विजयमाला म्हणाली. "पर जरा थांबा. जिला इचारायचं ऱ्हायलंय तिला इचारते." तिने स्पीकर सुरू केला. "पंकू, मी जाऊ का तोडीला?"

पंकजाने डोळे ताणून उघडे ठेवले. त्यांत पाणी आलं, काजळ ओघळलं. तरी मिटले नाहीत.

"न्हाई म्हणती."

"कोण?"

"पंकू."

"म्हणती म्हंजे?"

विजयमालाने सगळं सांगितलं. डोळ्यांचं, म्हशीचं, शिऱ्याचं. सांगता सांगता ती हसत होती आणि नाक पुसत होती.

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला.

मग बिभीषण म्हणाला, "माजं बी इचार की तिला."