तीनशे डी

“बोला अप्पा, पाणी हौदात सोडू का टँकर वापस नेऊ?” बबनरावांनी विचारलं. डोळे मात्र गाडीवरून हलत नव्हते.

गाडी दूध सोसायटीच्या शेडसमोर उभी होती. पांढरी, जुनी, जर्मन. एकेकाळी ती सूतगिरणीच्या चेअरमनची होती. गिरणी बंद पडली, सामान लिलावात निघालं, आणि सोसायटीनं ही गाडी भंगाराच्या भावात उचलली. अख्खं युसूफ वडगाव तेव्हा पोट धरून हसलं होतं. जनावरांना कडबा मिळेना आणि ह्यांना मोटार पाहिजे!

आता ती नाक जरासं वर करून ऐटीत उभी होती. धुवायला पाणी कुठलं? शिवगंगा रोज कोरड्या फडक्यानं पुसायची. शिवगंगा म्हणजे सोसायटीचे चेअरमन मन्मथप्पांची लेक, यंदा दहावीत गेलेली. गाडी घ्यायचा हट्ट तिचाच.

“माझं म्हणणं सरळ हाय,” बबनराव म्हणाले. त्यांचे टँकर बीडपासून इथपर्यंत सगळीकडे फिरायचे. “पाऊस पडेपर्यंत तुमच्या जनावरांना रोज पाणी. बदल्यात ही गाडी.”

“इहिरीला पाणी हाय की आमच्या,” भिवराबाई म्हणाल्या. शेडमधल्या चार म्हशी त्यांच्या होत्या.

“हाय, पर तळाला. विजेची डीपी जळून महिना झाला, पंप बंद. नवी कधी येईल, देवाला ठावं. मावशे, एवढ्या जनावरांसाठी तू शेंदणार काय?”

भिवराबाईंनी पदर तोंडाला लावला.

अप्पांनी सभासदांकडे पाहिलं. सभासदांनी शिवगंगाकडे.

“गाडीचं हिलाच इचारा,” अप्पा म्हणाले.

शिवगंगा पुढे आली. हाताला डिझेलचा वास येत होता, तो तिनं फडक्याला पुसला.

“काका, तुमी कावून मागताय ही? तुमची तर नवी कोरी हाय.”

बबनरावांची काळी गाडी रस्त्यावर चमचमत होती. तीही त्याच कंपनीची. ते म्हणाले, “ल्हानपणी हिच्या मागं धुरळा खात पळालोय मी. गिरणीच्या गेटापासून पार नदीपोतर. एकदा बी काच खाली झाली न्हाई. आता हापिसापुढं उभी करीन म्हणतो. आन् बघ, नाव बी सारखंच. हिच्यावर तीनशे डी, माझीवर बी तीनशे डी.”

“नाव सारखं, पोट येगळं,” शिवगंगा म्हणाली.

“म्हंजे गं?”

“आमच्या तीनशेला शंभरानं भागा. तीन लिटरचं इंजिन. सहा सिलिंडर. डी म्हंजे डिझेल. जसं नाव तसं पोट! तुमच्या तीनशेत दोनच लिटर हायत. सिलिंडर चार.”

सभासद खो खो हसले. बबनरावांचा चेहरा पडला.

“म्हंजे मला गंडवलं का काय?”

“न्हाई हो काका! पूर्वी आकडा इंजिनाचं माप सांगायचा. आता ताकदीची पायरी सांगतो. खरं सांगू? तुमच्या गाडीची ताकद आमच्या दुपटीच्या वर हाय. टर्बो लई जोरदार.”

“मग हरलीस की पोरी!”

“पळण्यात हरले. पर तुमच्या इंजिनाला कम्प्युटर लागतो. आमच्याला डिझेल घाला, पाणी घाला, की दिवसभर कुरकूर न्हाई. चार दिवस झाले, रोज सकाळ-संध्याकाळ चालवतोय.”

“चालू स्थितीत हाय? मग तर सोडतच न्हाई!” बबनरावांचे डोळे लकाकले. मग कपाळाला आठी पडली. “रोज चालवता? आन् फिरता कुठं?”

“शिवारातच. लांब कुठं जाणार?”

“वा रं सोसायटी! जनावरं तहानलेली, आन् पोरगी डिझेल जाळतीया मजेसाठी.” त्यांचा आवाज चढला. “अप्पा, उद्या एखादी म्हैस आडवी झाली तर त्याचं पाप कुणाला? शेवटचं इचारतो.”

शेडमध्ये एक वासरू दावणीला खडखड करत होतं.

“गाडी द्यायची न्हाई,” शिवगंगा म्हणाली. मान ताठ, आवाज त्याहून ताठ.

“अप्पा?”

“ती म्हणते तेच सोसायटीचं म्हणणं,” अप्पा म्हणाले.

सभासदांनी माना डोलावल्या. लिलावाच्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसलेल्यांनीसुद्धा.

“टँकर वळीव बे!” बबनरावांनी ड्रायव्हरला हाक मारली. “बघू चार दिसांनी. लोखंडापायी जीव मारायला निघालेत.”

टँकर वळायला लागला. बबनराव दोन पावलं गेले आणि परत फिरले. मन काही निघेना.

“पोरी, निदान सहा सिलिंडर डोळ्यांनी बघू तरी दे. इतकी वर्षं निसता आवाज ऐकलाय.”

“बघा की! त्यात काय?” शिवगंगानं धावत जाऊन दार उघडलं आणि आतला खटका ओढला.

तेवढ्यात विहिरीकडून आवाज आला. जड, एकसुरी घरघर. शेडमधली जनावरं कान टवकारून उठली आणि एकामागोमाग हौदाकडे निघाली.

बबनराव बॉनेटखाली बोटं घालता घालता थबकले. हा आवाज त्यांनी झोपेतसुद्धा ओळखला असता.

“दुसरी बी हाय का तुमच्यापाशी?”

“न्हाई काका, एकच.”

त्यांनी बॉनेट उचललं. आत, इंजिनाच्या जागी, कडब्याच्या पेंढीवर भिवराबाईंची खुडूक कोंबडी अंडी उबवत बसली होती.