नळीतली माती

"बाई, मशीन बिघडलेलं नाही," शिडीवरून उतरत एसी दुरुस्तीला आलेला सावियो म्हणाला. "पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घरटं केलंय. म्हणून पाणी आत भिंतीत मुरत होतं."

"किती दिवस?" नलिनीबाईंनी विचारलं.

"अख्खा पावसाळा असेल. आपल्या दमट हवेत एसीतून रोज बादलीभर पाणी निघतं."

पाय मोडल्यामुळे पावसाळाभर बाई माडीवरच्या या खोलीत चढल्या नव्हत्या. एसी मात्र त्यांनी एक दिवसही बंद ठेवू दिला नव्हता. वनस्पतिशास्त्र शिकवताना चाळीस वर्षं सावंतवाडीभोवतालचे सडे, म्हणजे जांभ्या कातळाची पठारं, तुडवून त्यांनी बाराशे रोपं जमवली होती. वाळवून कागदांवर चिकटवलेली ती रोपं कोरडी राहावीत, एवढ्यासाठीच तो एसी होता.

त्यांनी भिंतीलगतचं, सगळा संग्रह ठेवलेलं कपाट उघडलं. वरच्या कागदांचा लगदा झाला होता. खालचे गठ्ठे काळ्या बुरशीने भरले होते. बाईंनी एक कागद उचलला, तर तो बोटांतच फाटला.

"पुन्हा जमवता येतील ना?" सावियोने चाचरत विचारलं.

"कुठून? त्या सड्यांवर आता चिऱ्यांच्या खाणी आहेत."

सोमवारी विद्यापीठाची माणसं हा संग्रह न्यायला येणार होती. बाईंनी फोन लावला. "गाडी पाठवू नका," त्या म्हणाल्या. पलीकडून कारण विचारलं गेलं. बाईंनी फोन सावियोच्या हातात दिला.