रंगरावची उचकी

निळा गोल्डियन गायला आणि गाण्याच्या शेवटी त्याला उचकी लागली.

इंद्रजीतचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

मंगल कार्यालयात फिंच पाळणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं होतं; गोल्डियन, बंगाली, सगळे चिमणीएवढे हौसेचे पक्षी. आदल्या दिवशीच्या लग्नाची दोन सिंहासनं स्टेजवरून कुणी हलवली नव्हती, म्हणून विजेत्याचा पिंजरा नवरदेवाच्या जागी ठेवला होता. पाठ निळी, छाती जांभळी, पोट सायीसारखं. असला पक्षी घरात जन्मावा म्हणून लोक वर्षानुवर्षं हिरव्या जोड्या पाळतात. शेजारी मालक उभा होता, कडक इस्त्रीच्या कुर्त्यात. केयूर. इंद्रजीतचा मित्र. नवरीची जागा मोकळी होती.

पक्षी पुन्हा गायला. टिर्र, टिर्र, टिर्र, मग एक श्वास, मग हिक्.

अशी उचकी अख्ख्या पुण्यात एकाच पक्ष्याला होती आणि तो आत्ता इंद्रजीतच्या पायाशी कापडी पिशवीत बसला होता. रंगराव. साधा तपकिरी बंगाली फिंच. त्याची वेणूबाई गेल्यापासून त्याला घरी एकट्याला करमत नसे, म्हणून इंद्रजीत त्याला सगळीकडे नेई. मागच्या आठवड्यात बँकेतही नेलं होतं.

गोल्डियन अंडी घालतात आणि पुढचं विसरतात. मग हौशी लोक ती अंडी बंगाली जोडीखाली ठेवतात. बंगाली कुणाचंही पोर वाढवतात, चौकशी करत नाहीत. आणि नर पिल्लू जो भरवतो त्याचंच गाणं शिकतं.

रंगराव-वेणूबाईंनी आयुष्यात एकदाच अंडी उबवली होती. वारज्याच्या घरात रंगकाम निघालं, रंगाचा वास पक्ष्यांना बाधतो, म्हणून इंद्रजीतने आपल्या हिरव्या जोडीची अंडी कापसात गुंडाळली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला श्वास रोखत नारायण पेठेत केयूरकडे पोचवली. सोबत रंगराव आणि वेणूबाई. त्या हिरव्या जोडीच्या रक्तात निळा लपलेला होता. नंतर त्या जोडीतली मादी अंडं अडकून मेली. म्हणजे ती शेवटचीच अंडी.

"कोरी निघाली रे," केयूर फोनवर म्हणाला होता. "एकातही काही नाही." त्याचा आवाज इतका पडला होता की इंद्रजीतने त्याच संध्याकाळी जाऊन त्याला भेळ खायला घातली.

रंगराव मात्र काही महिने तिकडेच राहिला. आजारी आहे, प्रवास नको, असं केयूरचं म्हणणं. परत आला तेव्हा निम्मा झाला होता.

"कोऱ्या अंड्यांचं मनाला लावून घेतलंय त्याने," केयूर म्हणाला होता. इंद्रजीतला ते पटलं होतं.

परीक्षक विजयमालाबाई चष्मा वर करून पिंजऱ्यात डोकावल्या. "कोणी वाढवला?"

"त्याच्या आईबापांनीच," केयूर म्हणाला. "दाई नाही, काही नाही."

"गातो बंगालीसारखा."

"टीव्हीवर ऐकलं असेल."

"असेल. मी रंग तपासते. गाण्याला गुण नाहीत."

बाई पुढच्या पिंजऱ्याकडे गेल्या. इंद्रजीत स्टेजवर चढला. पिशवी त्याने नवरीच्या सिंहासनावर ठेवली आणि आतला पिंजरा काढून निळ्याच्या पिंजऱ्याला चिकटवला.

रंगरावने इकडेतिकडे पाहिलं, पंख झटकले आणि गायला. हिक्.

निळा तळाशी जाऊन बसला. मान वाकडी करून, चोच फाकून, थरथरत घास मागू लागला. या वयात हे शोभत नव्हतं. रंगरावने गळा फुगवला, दोन्ही जाळ्यांतून चोच घातली आणि त्याला भरवलं. विजेत्याच्या जांभळ्या छातीवर राळ्याचा लगदा ओघळला.

खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमात आहे.

"केयूर."

"हं."

"कोरी होती ना?"

"होती ना," केयूर निळ्याकडे बघत म्हणाला. "म्हणजे, बाकीची."

इंद्रजीतने निळ्याच्या पिंजऱ्यावर हात ठेवला.

"अरे, सांगणार होतो, देवाशपथ. पण तू किती समजून घेतलंस! वर भेळ खायला घातलीस. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगू?"

भेळ नको होती, असं इंद्रजीतला क्षणभर खरंच वाटलं.

"दे तो मला."

"आता? अरे, नाव पुकारलंय माझं. लोक काय म्हणतील?" केयूरने रुमालाने निळ्याच्या पिंजऱ्याची जाळी पुसली. "तुझाच समज ना. येऊन बघत जा. कधीही ये. फोन करून ये फक्त."

विजयमालाबाई परत आल्या. "हे कोण? या गटात बंगाली नाहीत."

"स्पर्धेत नाहीये, बाई," इंद्रजीत म्हणाला. "वडील आहेत त्याचे."

बाईंनी रंगरावकडे पाहिलं. निळ्याच्या माखलेल्या छातीकडे पाहिलं. मग केयूरकडे. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"निकाल लागलाय," त्या म्हणाल्या. "पालकांनी बाहेर थांबावं."

इंद्रजीत पिंजरा उचलून बाहेर आला आणि पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी बसला. आत केयूरचं भाषण सुरू झालं. या पक्ष्यासाठी आपण काय काय सोसलं, ते तो माइकवरून सांगत होता.

भाषणात मध्येच उचकी ऐकू आली. केयूरची नव्हे.

रंगरावने घाईघाईने दाणे टिपले, गळा फुगवला आणि बंद दाराकडे चोच करून बसून राहिला.